दोन हिराबाई आणि भिंगारदिवे सिस्टर

भिंगारदिवे सिस्टरांनी सख्ख्या भावालाही नाव विचारल्याशिवाय गोळी दिली नव्हती. भाऊ तापाने फणफणून आमच्याकडे दाखल झालेला. सिस्टर गोळी घेऊन समोर उभ्या. "नाव सांगा. पूर्ण."

"एस्तेर, डोकं फिरलं का तुझं?"

"या नावाचा पेशंट इथं नाही," म्हणत सिस्टरांनी गोळी मागे घेतली. भावाने मुकाट्याने नाव, वडलांचं नाव, आडनाव सांगितलं. वडील दोघांचे एकच होते, तरी त्यांनी ते कागदाशी ताडून पाहिलं.

पारनेर तालुक्यातल्या एका छोट्या रुग्णालयात मी औषधांच्या खिडकीत बसते. सिस्टर वरच्या मजल्यावरच्या वॉर्डच्या इन्चार्ज. त्यांनी फोनवर औषध मागितलं की मी तेच नाव आणि तेच मिलिग्रॅम परत म्हणून दाखवायचं. एकदा मी वैतागून "कळलं हो" म्हणत फोन ठेवला. पाच मिनिटांत बाई दुखरे गुडघे सांभाळत जिना उतरून खिडकीशी हजर.

"म्हणा, शेख मॅडम."

मी म्हटलं. त्या परत जिना चढून गेल्या. त्या दिवसापासून मी नीट म्हणते.

नगरहून येणाऱ्या सर्जनलाही त्यांनी बेसिनकडे परत पाठवलेलं मी पाहिलंय. "डॉक्टर, बोटांच्या मधली जागाही आपलीच असते."

पण नावाचा नियम सगळ्यात कडक. 'तुम्ही अमुक ना?' असं विचारायचंच नाही, नाव पेशंटच्याच तोंडून यायला हवं. नव्या नर्सेस हसल्या, तेव्हा सिस्टर एका बहिऱ्या आजोबांपाशी गेल्या.

"आजोबा, तुम्ही कलेक्टर ना?"

"व्हय, व्हय," आजोबा म्हणाले.

"बघा. आपली म्हातारी माणसं नर्सला नाही म्हणत नाहीत."

आणि अशा बाईच्या हातून चूक झाली.

वॉर्डात त्या दिवशी दोन हिराबाई होत्या. एक शुगरची, दुसरी पाय मोडून आलेली. दोघींनी आपसांत खाटा बदललेल्या, कारण एकीला खिडकी हवी होती. दोन नर्स रजेवर, वॉर्ड गच्च भरलेला. जेवणाआधीचं इन्सुलिन घेऊन सिस्टर लगबगीने खाटेपाशी गेल्या आणि आयुष्यात कधी नव्हे ते म्हणाल्या, "हिराबाई ना?"

"व्हय."

सुई टोचून झाली आणि त्यांची नजर प्लॅस्टर घातलेल्या पायावर गेली.

त्यांनी क्षणभरही लपवालपवी केली नाही. तिथूनच डॉक्टरांना हाक मारली. म्हातारीला ग्लुकोज पाजलं, जेवू घातलं, सलाईन लावलं. मग स्टूल ओढून बसल्या. दर पंधरा मिनिटांनी बोटातून रक्ताचा थेंब, शुगरचा आकडा कागदावर. उरलेला सगळा वेळ म्हातारीचा हात हातात. मी औषधं द्यायला वर गेले, तर सिस्टरांचेच ओठ पांढरे पडलेले.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "आता धोका नाही. आजी ठणठणीत आहेत. रजिस्टरात कशाला लिहिताय? कुणाला कळणारही नाही."

"म्हणूनच लिहायचं, डॉक्टर. नाहीतर उद्या दुसरी कुणी हेच करील."

त्यांनी रजिस्टर उघडलं. चूक कुणाची या रकान्यात आपलं नाव लिहिलं. पूर्ण. खाली लिहिलं, एकाच नावाचे पेशंट एका खोलीत नकोत, आणि इन्सुलिन दोन नर्सनी मिळून तपासल्याशिवाय द्यायचं नाही. मग उठून खाटेपाशी गेल्या.

"आजी, दुसऱ्या बाईची सुई मी तुम्हाला दिली. चूक माझी. मला माफ करा."

मी तेव्हा औषधं घेऊन वॉर्डातच होते. इतकी वर्षं दवाखान्यात काढली, पण पेशंटला असं तोंडावर सांगणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

हिराबाई उशीवरून थोड्या वर सरकल्या. "म्हून दुपारधरनं बसलीस व्हय? मला वाटलं, मी मराया लागले." मग म्हणाल्या, "लेकीला येवढा वेळ न्हाई गावत, माय. जा आता, च्या पी."



ड्यूटी संपली तरी त्या खाली येईनात, म्हणून मी पाहायला गेले. चादरींच्या खोलीत त्या घडी घातलेल्याच चादरी पुन्हा घडी घालत होत्या.

"घरी नाही जायचं?"

"जायचं. पण आज घर नको वाटतंय हो." चादरीचं टोक त्यांनी परत सरळ केलं. "हे होते तोवर दार उघडायच्या आधी विचारायचे, आज काय झालं वॉर्डात? आता ते जाऊन चार वर्षं झाली. आज सांगायचं होतं कुणालातरी."

मी त्यांची पिशवी उचलली आणि त्यांना सरळ माझ्या घरी आणलं. माझ्या सासूबाई, अम्मी, चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्यांनी सिस्टरांचा चेहरा पाहिला, पाट सरकवला आणि विचारलं, "काय झालं गं?"

सिस्टर पहिल्यापासून सांगायला लागल्या. अम्मींना त्यातलं इन्सुलिन कळलं नाही, रजिस्टर कळलं नाही, पण त्या मधूनमधून "मग?" म्हणत राहिल्या. ताटातली भाकरी तशीच राहिली. सांगून संपलं, तेव्हा सिस्टर ढसाढसा रडल्या. अम्मींनी त्यांना रडू दिलं, ताटातली गार भाकरी उचलली आणि परत तव्यावर टाकली.