सात पायऱ्या आणि चार आकडे

ग्रंथपाल जावयाच्या अंगावर शर्ट नुसता लोंबायचा. ‘वारा सुटला तर जावईबापूंना धरा’ हा विनोद सासऱ्यांनी लग्नात केला, तो नऊ वर्षं दर भेटीत होत राहिला. शेवटी जावई इरेला पेटला आणि व्यायामशाळेत गेला. ताकद वाढवायची की आकार, असं तिथल्या प्रशिक्षकांनी विचारलं.

“आकार,” तो म्हणाला. “लांबून दिसला पाहिजे.”

मग वजन बेताचंच, पण बारा-बारा वेळा उचलायचं आणि खाली आणताना मनात चार आकडे मोजत, अगदी सावकाश. आठ महिन्यांत बाह्या दंडांना घट्ट बसू लागल्या. एका रविवारी सासूबाईंचा मुलीला फोन आला: लाकडी कपाट वरच्या मजल्यावर न्यायचंय, हमाल नकोत, जावईबापूंनाच पाठव. जावयाला धन्य वाटलं. नऊ वर्षांनी त्या घरात कुणी त्याच्यावर विश्वास टाकला होता, आणि तो राखणं आलं.

वरून ओढायला जावई, खालून आधाराला सासरे. सहा पायऱ्या झोकात झाल्या. सातवीवर मात्र दंड लटलटा कापू लागले. दंड दिसायला पैलवानाचे, पण एवढं वजन त्यांनी जन्मात उचललं नव्हतं. आणि सोडावं तर खाली सासरे.

“थांबलात का?” सासऱ्यांनी विचारलं.

“बाबा, हे वर नाही जायचं. पण खाली नीट आणतो. घाबरू नका.”

एक, दोन, तीन, चार. एक पायरी. पुन्हा चार आकडे, दुसरी पायरी. हे मात्र दंडांना पाठ होतं. सातही पायऱ्या उतरून कपाट होतं तिथं टेकलं आणि सासऱ्यांना साधं खरचटलंही नाही. त्यांनी जावयाचा हात धरला, आज तुमच्यामुळे वाचलो म्हणाले. जावयानं मनोमन प्रशिक्षकांचे आभार मानले. तरी मान खालीच होती.

“आई, माफ करा. तुमचं काम काही झालं नाही.”

“हमाल असते तर एव्हाना वर गेलं असतं,” सासरे घाम पुसत पुटपुटले.

“गेलंच असतं,” सासूबाई म्हणाल्या. “आणि रोज कपडे काढायला या गुडघ्यांनी मी जिना चढले असते. कपाट खालीच राहू दे म्हणून महिनाभर सांगतेय, तुम्ही ऐकलंत कुठं? म्हणून तर यांना बोलावलं.”

मग त्यांनी चहाचा पहिला कप जावयाच्या हातात दिला.

“फार उपकार झाले हो तुमचे,” त्या अगदी मनापासून म्हणाल्या.