मयताचा एक रंग

सास्तुरात माणूस मारायचा हक्क यमाकडं आहे. मेलेल्याचा रंग ठरवायचा हक्क मात्र गुंडाप्पाअण्णांकडं.

माझं झेरॉक्सचं दुकान अन् अण्णांचा फोटो स्टुडिओ यांच्यात प्लायवूडची एक भिंत. त्यामुळं गावातली सगळी रडारड मला आधी ऐकू येते. श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायचा म्हटला की अण्णा मयताचा फोटो कॉम्प्युटरवर घेतात, सगळा काळापांढरा करतात अन् एकच वस्तू रंगीत ठेवतात. कोणती, ते घरच्यांनी सांगायचं. सांगेपर्यंत अण्णांचा माऊस हलत नाही.

एका पाटलाच्या तीन पोरांत यावरून जुंपली. एकाला फेटा रंगीत हवा, दुसऱ्याला मोटारसायकल, तिसऱ्याला गळ्यातली चेन. दहावा गेला, तेरावा गेला, पिंडाला आलेले कावळे कंटाळून दुसऱ्या गावच्या मयताला गेले! अण्णा ढिम्म. "वर्षश्राद्धाला छापू, पर रंग चुकणार न्हाय." शेवटी धाकटी सून हळूच म्हणाली, "मामांच्या हातातला विडा." तिघांनीही माना डोलावल्या. राखेसारख्या फोटोत तेवढं हिरवं पान बघून पाटलाचा वैरीसुद्धा रडला.

यंदा उन्हाळ्यात सोलापूरच्या डॉक्टरांनी अण्णांची फुप्फुसं बघितली अन् दिवाळीचा भरवसा दिला नाही. एसटीतून उतरून अण्णा थेट स्टुडिओत. स्वतःचाच फोटो काढला, काळापांढरा केला. "आपला फ्लेक्स आपुनच करून ठिवावा. मागं कुणीबी गुलाबाची फुलं चिकटवून ठिवतंय."

पण रंग ठरेना. गावाला काय, आयती करमणूक!

"नाक ठिवा, अण्णा. माणसाआधी तेच येतंय," चहावाला म्हणाला.

"बिडी ठिवा. तिनंच न्हेलंय," सरपंच म्हणाले.

अण्णा हसले, मग खोकले. त्या खोकल्यानं प्लाय अशी हादरली की माझ्या मशीननं आपल्या मनानं कोऱ्या कागदाच्या चाळीस प्रती काढल्या.

परवा अण्णांनी हाक मारली. "छापायला धाड रं." पडद्यावर अण्णा टोपीपासून चपलेपर्यंत नुसती राख.

"अण्णा, रंग?"

"घरच्यांना इचारल्याबिगर म्या कधी रंग ठिवलाय व्हय?"

अण्णांची बायको अन् दोन लेकी त्र्याण्णवच्या भूकंपात गेल्या. ढिगाऱ्यातून तिघींचा एक फोटोसुद्धा निघाला नाही. हे सगळ्या गावाला ठाऊक, मलाही. तरी मी विचारून बसलो होतो.

गिऱ्हाइकाचं स्टूल ओढलं अन् बसलो. "इचारा," म्हणालो.

अण्णांनी चष्मा पुसला. परक्याकडं बघावं तसं माझ्याकडं बघितलं.

"तुमी मयताचे कोण?"

"भाऊ."



"थोरला का धाकटा?"

"धाकटा."

अण्णांनी आपली खुर्ची बाजूला सरकवली अन् पडद्यासमोर मला जागा करून दिली.