दारात टाळ्या

आशिष साळवे बेल वाजवत नाही. तो दारापासून दोन पावलं मागे उभा राहतो आणि टाळ्या वाजवतो. सावकाश, मोकळ्या हाताने, गरब्याची पहिली टाळी पडावी तशा. बडोद्याच्या वासणा रोडवरच्या आमच्या सोसायटीत प्रत्येक दाराला बेल आहे, काहींना कॅमेराही आहे. पण आशिष टाळ्याच वाजवणार. पहिल्या दिवशी समोरच्या कोकिळाबेनना वाटलं, कोणीतरी जिन्यात डास मारतंय. औषध फवारायला सांगत त्या आतूनच ओरडल्या, "दवा छांटो ने, भाई!"

मी सोसायटीची सेक्रेटरी, त्यामुळे तक्रार माझ्याकडे आली. मी आशिषकडे खुलासा मागितला.

"काकू, आमच्याकडे बेल नसते," तो म्हणाला. "फाटकाशी उभं राहून टाळ्या वाजवायच्या. आतून हाक आली की मग जायचं. तसंच घुसलं तर आधी कुत्रं भेटतं."

आमच्याकडे म्हणजे पाराग्वेमध्ये. हा मुलगा आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये वाढला, इथल्याच शाळेत आणि कॉलेजात शिकला. मग त्यांच्या चर्चच्या मिशनने त्याला दक्षिण अमेरिकेतल्या एका खेड्यात पाठवलं आणि काही वर्षांतच त्याचं 'आमच्याकडे' तिकडे गेलं. आता तो दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला होता. पोळी पाहून म्हणायचा, "आमच्याकडे याच्या जागी कसावाचा उकडलेला कंद असतो." पंखा बंद पडला की, "आमच्याकडे पण असंच." प्रत्येक 'आमच्याकडे'बरोबर त्याच्या आईचा, साळवेबाईंचा, चेहरा थोडा आक्रसायचा.

कारण सुट्टी संपल्यावर तो परत जाणार की नाही, हे ठरायचं होतं. वडील नाहीत, भावंड नाही. त्याने सगळं आईवर सोडलं होतं. "तू हो म्हणालीस तर जाईन. नाही म्हणालीस तर इथेच नोकरी बघेन." साळवेबाई हो म्हणत नव्हत्या आणि नाहीही म्हणत नव्हत्या. आयुष्यभर वर्गात मुलांना उत्तरं विचारलेली ही बाई स्वतः उत्तर द्यायचं टाळत होती. तो तिकडचं काही सांगायला लागला की त्या उठून स्वयंपाकघरात जात आणि मिक्सर लावत. त्या दोन महिन्यांत त्यांच्या घरी इतकी चटणी झाली की आम्हाला सगळ्यांना पुरली.

एक दिवस त्या मला म्हणाल्या, "तुम्हीच त्याला समजवा. तुमचं सगळं मुद्देसूद असतं."

मी मुद्दे काढले. बडोद्यातल्या औषध कंपन्यांमधल्या नोकऱ्या, आईचं ब्लडप्रेशर, लग्नाचं वय. ते एकापाठोपाठ एक मांडले. आशिषने मान हलवत सगळं ऐकून घेतलं.

"काकू, तुम्ही फार छान बोलता," तो शेवटी म्हणाला. "मला लोक दारात एवढा वेळ उभंसुद्धा करत नाहीत. हे असं एकापुढे एक कसं मांडायचं, ते मला शिकवाल?"

म्हणजे त्याला समजवायला गेले आणि त्याची शिकवणी घेऊन आले.

तो तिकडे नेमकं काय करतो, हे मी एकदा सविस्तर विचारून घेतलं. पहाटे उठायचं, खोली झाडायची, प्रार्थना, अभ्यास. मग मातेओ नावाच्या चिलीच्या मुलाबरोबर तांबड्या मातीच्या रस्त्यांनी घरोघर हिंडायचं. कोणाचं छप्पर शाकारायला मदत करायची, कोणाच्या पोराला वाचायला शिकवायचं, आजाऱ्याजवळ बसायचं. सोमवारी कपडे धुवायचे. त्या मातीमुळे त्याचे सगळे पांढरे शर्ट आता फिक्या गुलाबी रंगाचे झालेत. साळवेबाईंनी ते भिजवले, उकळले, उन्हात टाकले. रंग गेला नाही.

"आणि धर्म कधी शिकवतोस?" मी विचारलं.

"वेळ उरला तर," तो हसून म्हणाला.

स्पॅनिश तो जीव तोडून शिकला होता. तिथे पोचल्यावर कळलं की लोक घरात ग्वारानी ही तिथली जुनी भाषा बोलतात.

"फसवलंच की तुला," मी म्हटलं.

"उलट मला घरी आल्यासारखं वाटलं, काकू. घरात एक भाषा, दुकानात दुसरी, आणि भांडताना दोन्ही. बडोदंच ते!"

पण सोसायटीत खरा गोंधळ उडाला तो जेवणावरून. तिकडे या मुलांचं दुपारचं जेवण रोज वेगळ्या घरी असतं. घरं पाळी वाटून घेतात. घरच्या बाईला 'दोन्या' म्हणायचं, आपण 'बाई' म्हणतो तसं. पानात वाढलेलं सगळं संपवायचं, आणि उठण्याआधी त्या घरासाठी प्रार्थना करायची, घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन. नावांत गाई-कोंबड्याही येतात. आशिषने ही पद्धत आमच्यावर लागू केली. कोकिळाबेनच्या दारात टाळ्या वाजवून तो म्हणाला, "काकी, उद्या दुपारी मी आणि आई तुमच्याकडे जेवायला येतोय."

साळवेबाई लाजेने अर्ध्या झाल्या. "अरे, घरात काय अन्न नाही का? लोक काय म्हणतील?"

लोक, म्हणजे कोकिळाबेन, म्हणाल्या, "आवो ने, बेटा! एमां पूछवानुं शुं?" आणि त्यांनी डाळ-तांदळाचा जाड, खरपूस हांडवा केला. आशिषने तो सुरीने कापताना पाहिला आणि जाहीर केलं की आमच्याकडे मक्याचा अस्साच जाड हांडवा करतात आणि त्याला सूप म्हणतात. कोकिळाबेनना हे मुळीच पटलं नाही. जेवण झाल्यावर त्याने स्पॅनिशमध्ये प्रार्थना केली. मधे कोकिळाबेनचं नाव आलं, त्यांच्या नातवाचं आलं, आणि त्यांच्या इन्व्हर्टरचंही आलं. त्या इतक्या खूश झाल्या की डबाभर हांडवा साळवेबाईंच्या हातात दिला.

आता डबा रिकामा कसा परत करायचा? साळवेबाईंनी त्यात भरली वांगी घालून पाठवली. डबा पुन्हा भरून आला. दुसऱ्या मजल्यावरून आमंत्रण आलं, मग तळमजल्यावरून. नवरा गेल्यापासून जी बाई कोणाच्या घरी पाण्याचा घोट घ्यायला टेकत नव्हती आणि स्वतःचं जेवण ओट्याशी उभ्याने उरकत होती, ती आता दुपारी साडी बदलून जिना चढताना दिसू लागली. कोकिळाबेन तर तिला हाताला धरूनच नेत.

मी आशिषला जिन्यात गाठलं. "हे तू मुद्दाम केलंस ना?"

तो पहिल्यांदाच थोडा अडखळला. "काकू, तिकडे एखाद्या दिवशी कोणाचीच पाळी नसते. मग मी आणि मातेओ खोलीत पातेल्यातूनच खातो. बोलत नाही. पटापट गिळतो. एकदा मातेओ आजारी होता, तर मी एकटाच जेवायला बसलो. तेव्हा मला कळलं, आई इथे रोज कशी जेवत असेल." मग त्याने लगेच विषय बदलला. "उद्या तुमच्याकडे काय आहे?"

दुसऱ्या दिवशी पाळी माझी होती. वरण-भात, कढी, दुधीची भाजी आणि पुरणपोळी. सुट्टी संपत आली होती आणि तिकिटाचं अजून ठरलं नव्हतं. मी पानं वाढली. आशिष म्हणाला, "आई, आज जेवणाआधी प्रार्थना तू कर."

"मी? मला कुठे तुझ्यासारखं येतं."

"मराठीत कर."

साळवेबाईंनी पदर सारखा केला, हात जोडले, डोळे मिटले. मीही मिटले, पाहुण्यांचा मान म्हणून.

"प्रभू, या अन्नासाठी तुझे आभार," त्या हळू म्हणाल्या. "वाढणाऱ्या हातांसाठी आभार."

मला वाटलं, आता माझं नाव येईल.

"दोन्या रामोनाच्या गुडघ्यांना बळ दे. दोन्या ब्लांकाच्या मुलाला शहरात काम लागू दे. ती म्हातारी दोन्या सेवेरियाना, तिला डोळ्यांनी दिसत नाही, तरी बोटांनी चाचपून माशाचे काटे काढते आणि मग आशूला वाढते. तिला सांभाळ. दोन्या लिलीच्या चुलीचा धूर फार होतो, त्याचंही काहीतरी बघ."

इतकी नावं! मिक्सरच्या आवाजात या बाईने एकही सोडलं नव्हतं.

"या बायका माझ्या मुलाला रोज दुपारी जवळ बसवून जेवू घालतात," साळवेबाई म्हणाल्या. "तो पुढच्या महिन्यात परत येतोय म्हणून त्यांना सांग. त्यांच्या घरात काही कमी पडू देऊ नकोस."

त्या थांबल्या. मी वाट पाहिली. मी एक डोळा किलकिला करून पाहिलं. आशिषने दोन्ही तळहातांत तोंड लपवलं होतं, आणि त्याच्याकडूनही काही येण्याची चिन्हं नव्हती. कढी निवत चालली होती. कोणीतरी हे पूर्ण करायला हवं होतं.

"आमेन," मी म्हटलं, आणि भातावर तूप वाढायला घेतलं.