बाविसाव्या मिनिटाचा गुन्हेगार

“लिहा, ग्रंथपाल. पुरुषोत्तम हा माणूस नव्हे, दुर्बीण आहे. त्याची नजर पडली की भिंतसुद्धा कबुली देते. उत्तर भारतात त्याच्या तोडीचा गुप्तहेर नाही. दक्षिणेत असल्यास त्यानं अजून संपर्क साधलेला नाही. लिहिलंत?”

पुरुषोत्तमराव स्वतःबद्दलच सांगत होते. मी वहीत लिहून घेतलं. दुर्बिणीला जवळचं दिसत नाही, हे मनातल्या मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणण्याचं धाडस असतं, तर चौतीस वर्षं ग्रंथालयात ‘शांतता राखा’च्या पाटीखाली काढली नसती.

पुरुषोत्तमराव केंद्र सरकारच्या एका भांडारात स्टोअरकीपर होते. तिथे बत्तीस वर्षांत त्यांनी एकच चोरी उघडकीला आणली. हरवलेलं पंचिंग मशीन त्यांच्याच खणात सापडलं. स्वतःला पकडून देणारा गुप्तहेर जगात दुसरा दाखवा, असं ते आजही म्हणतात. चंडीगडमध्ये त्यांची तीस वर्षं गेली. इथले रस्ते सरळ आहेत, सेक्टरांना आकडे आहेत, तरी घरी जाताना ते रिक्षावाल्याला विचारतात, “अपना सेक्टर किधर पड़ता है?”

मी इथे मार्चअखेर आलो. माझ्या मुलाची, अविनाशची, नाशिकहून बदली झाली आणि सामानाबरोबर मीही आलो. बागेत एका कुत्र्याला मी ‘हाड’ म्हणालो. बाकावर बसलेल्या पुरुषोत्तमरावांनी ते ऐकलं आणि मी नागपूरचा असल्याचं तत्काळ ओळखलं. मी नाशिकचा आहे हे सांगायला मला चार दिवस लागले. तोवर मी त्यांचा सहायक झालो होतो.

आता प्रकरण. लिहायला संकोच वाटतो, कारण फिर्यादी मीच आहे आणि माझं वय एकाहत्तर आहे. मी संगणकावर ट्रक चालवतो. खऱ्या रस्त्यावर मी स्कूटरही चालवलेली नाही. सायकल होती, पण समोरून कोणी आलं की मी उतरून उभा राहायचो. अविनाशनं कधीकाळी हौसेनं घेतलेल्या संगणकावर मात्र एक खेळ आहे. त्यात परदेशातल्या रस्त्यांवरून मालाचे ट्रक न्यायचे असतात. इंटरनेटवर जमलेले आम्ही बारा जण दर रविवारी पाच वाजता ताफा काढतो. ताफ्याची कप्तान साक्षी. ती कोल्हापूरची, मोहालीत शिकते. आम्ही प्रत्यक्ष भेटलेलो नाही, स्क्रीनवर टाइप करून बोलतो. ती मला काका म्हणते.

नाशिकला सगळं सुरळीत होतं. इथे इंटरनेट लागायलाच महिना गेला. मग खेळायला बसलो, तर भर रस्त्यात संगणक गोठू लागला. चित्र थांबायचं, आवाज एकाच घर्रवर अडकायचा, माऊस मरायचा. माझा ट्रक हमरस्त्याच्या मधोमध उभा आणि मागून येणारे त्याच्यावर आदळलेले. असं दोन रविवारी झालं. साक्षीचा निरोप आला, “काका, या रविवारी सर्वांत पुढची गाडी तुमची. पाळीनं तुमचाच नंबर आहे. पण पुन्हा बंद पडली तर तिसरी वेळ होईल आणि तुम्हाला ताफ्यातून काढावं लागेल. नियम मीच केलाय, मीच कसा मोडू?”

पुढची गाडी म्हणजे बाकीचे अकरा माझ्या मागून येणार. एकाहत्तर वर्षांत माझ्या मागून कोणी आलेलं नव्हतं. दुधाच्या रांगेत यायचे, पण तेही पुढे निघून जायचे.

अविनाश दौऱ्यावर होता. दुरुस्तीच्या दुकानात मी गेलो होतो. आत गर्दी होती, म्हणून वीस मिनिटं बाहेर उभा राहून परत आलो. एवढं झाल्यावर पुरुषोत्तमरावांना सांगितलं, यावरून माझ्या अवस्थेची कल्पना यावी.

बुधवारी ते आले. संगणकाभोवती तीन फेऱ्या मारून त्यांनी चौकशी सुरू केली.

“हा नाशिकहून इथे आणताना बांधला कोणी?”

“मीच. वाटेत आतलं काही हलू नये म्हणून मी... मला वाटतं, माझंच काहीतरी चुकलं असावं.”

“ग्रंथपाल, गुन्ह्याला कर्तबगारी लागते. तुमचं नाव मी संशयितांतून काढून टाकतोय. राग मानू नका.”

मी राग मानला नाही. माझ्याबद्दल लोकांचं मत साधारण हेच असतं, फक्त ते इतक्या लवकर सांगत नाहीत.

पाचच्या ठोक्याला मी खेळ सुरू केला. पाच बावीसला संगणक गोठला. पुरुषोत्तमरावांनी झेप घेऊन पेटीवर तळहात ठेवला आणि हात झटकत ओरडले, “गरम!”

“हो. रोजच तापते.”

“याचा अर्थ कळला? गुन्हेगार नुकताच इथून उठून गेलाय.”

मी त्या पेटीकडे पाहिलं. “हिच्यावर कोणी बसू शकणार नाही.”

“म्हणूनच तो उठला!”

मग त्यांनी डोळे मिटले. “पाच बावीस. या शहरात पाच बावीसला काय घडतं?” तेवढ्यात बाहेरच्या रस्त्यावरून कर्कश हॉर्न वाजवत पिंजौरची बस गेली. त्यांनी डोळे उघडले. “पिंजौर! लिहा!”

मी लिहिलं. बसच्या हॉर्ननं संगणक बंद पडत असता, तर या देशात एकही संगणक चालू दिसला नसता. पण हे मला रात्री अंथरुणात सुचलं. माझी सगळी उत्तरं मला अंथरुणात सुचतात.

गुरुवारी मला भाजी आणायची होती, म्हणून खेळ सहाला सुरू केला. सहा बावीसला संगणक गोठला. बस नव्हती, हॉर्न नव्हता.

“पाहिलंत?” पुरुषोत्तमराव आनंदानं म्हणाले. “आपण मागावर आहोत हे कळताच त्यानं वेळ बदलली. मुरलेला आहे.”

“पण दोन्ही वेळा खेळ सुरू केल्यापासून बावीस मिनिटांनी...”

“ग्रंथपाल, योगायोगाच्या मागे लागून मोठमोठी प्रकरणं वाया गेली आहेत.”

दोन प्रसंगांवरून निष्कर्ष काढू नये हेही खरंच, असं मला वाटू लागलं. पुरुषोत्तमराव शून्य प्रसंगांवरून काढतात, आणि त्यांचा आवाज माझ्याहून मोठा आहे.

शुक्रवारी संशय वरच्या मजल्यावर पोहोचला. तिथे एक पंजाबी बाई राहतात. त्यांना सगळे आंटीजी म्हणतात, त्यांच्याहून म्हातारेसुद्धा. त्यांच्या पाण्याच्या मोटरीमुळे वीज कमी पडते आणि संगणक गुदमरतो, असा सिद्धान्त होता.

“मॅडम,” पुरुषोत्तमराव दारातच म्हणाले, “कल शाम छह बजकर बाईस मिनट पर आप कहाँ थीं?”

“मैं? मैं ते भिंडी कट रही सी.”

“कोई गवाह?”

“भिंडी,” आंटीजी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून विचारलं, “भाईसाब, इन्हां दी तबीयत तो ठीक है?”

मोटर त्या पहाटे पाचला लावतात, हे कळलं. त्यांनी लस्सी दिली. पुरुषोत्तमराव दोन ग्लास प्यायले आणि जिना उतरताना निकाल दिला, “निर्दोष. एवढी घट्ट लस्सी देणारी बाई दुसऱ्याची वीज ओढत नाही.”

शनिवार उजाडला. उद्या पाचला ताफा निघणार होता. साक्षीला आजच कळवून टाकावं, आपण होऊन बाजूला व्हावं, असं मी ठरवत होतो. काढून टाकलं जाण्यापेक्षा निघून जाणं मला नेहमीच सोपं गेलं आहे. तेवढ्यात पुरुषोत्तमराव आले आणि माझ्या कानाशी, पण अख्ख्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “हेतू शोधा! सासरे खेळात रमले तर अपनी मंडीच्या बाजारातून भाजी कोण आणणार? फायदा कोणाचा? सुनेचा.”

माझी सून पद्मजा शाळेत शिकवते. ती त्याच खोलीत जेवणाच्या टेबलावर पेपर तपासत होती.

“काका, मी इथेच बसलेय.”

“म्हणून तर कुजबुजलो, सूनबाई.”

पद्मजानं लाल पेनाचं टोपण लावलं. “बाबा, चार दिवस तुम्ही दोघं त्या डब्याभोवती बसलाय. काल आंटीजी मला विचारत होत्या, पोलीस आले होते का म्हणून. एक सांगा, तो उघडून बघितलात?”

खोलीत शांतता पसरली. ग्रंथालयात मला अशी शांतता कधी राखता आली नव्हती.

“उघडणं हे मिस्त्रीचं काम,” पुरुषोत्तमराव म्हणाले. “गुप्तहेर बाहेरून ओळखतो.”

“मग तुम्ही बाहेरूनच बघा. सरका.”

तिनं शिवणयंत्राच्या खणातून पेचकस आणला, प्लग काढला, मागचे दोन स्क्रू सोडवले आणि पेटीची एक बाजू ओढली. आत पाहिलं. मग ती हळूच जमिनीवर बसली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, शॉक बसला.

“बाबा,” ती कशीबशी म्हणाली, “ही कोणाची?”

तिच्या हातात माकडटोपी होती. लोकरीची, मरून रंगाची, वर गोंडा असलेली.

ती माझी होती. चंडीगडला हाडं गोठवणारी थंडी असते, असं नाशिकमध्ये प्रत्येकानं मला बजावलं होतं. सांगणाऱ्यांत चंडीगड पाहिलेला एकही नव्हता. म्हणून मी टोपी घेतली. सामान बांधताना धूळ पुसायला संगणकाची पेटी उघडली, तर आतलं एक जड कार्ड हलताना दिसलं. खेळाची चित्रं रंगवणारं तेच कार्ड. धक्का लागू नये म्हणून मी त्याच्या दोन पंख्यांवरून टोपी नीट ओढून बसवली आणि विसरून गेलो. आता मे महिना होता, बाहेर एक्केचाळीस अंश, आणि ते कार्ड लोकरीच्या टोपीत काम करत होतं. नुसते ई-मेल वाचायला त्याला फार श्रम पडत नसत. ट्रक निघाला की मात्र ते तापायचं, टोपीत अडकलेले पंखे फिरायचे नाहीत आणि बाविसाव्या मिनिटाला त्याला घेरी यायची.

“नशीब, वरून मफलर नाही गुंडाळला,” पद्मजा डोळे पुसत म्हणाली.

“मफलर तेव्हा सापडला नाही,” मी म्हणालो.

पुरुषोत्तमरावांनी टोपी दोन बोटांत धरून उजेडात फिरवली. “लोकर. म्हणजे गुन्हेगार थंड प्रदेशातला.”

“काका, टोपी बाबांची आहे. ते स्वतः सांगतायत.”

“खोटे कबुलीजबाब मी खूप पाहिलेत.” मग ते माझ्याकडे वळले. “पण खरं असेल तर, ग्रंथपाल, तुमच्यात एवढी कुवत असेल असं वाटलं नव्हतं.”

त्यांच्या स्वरात तुच्छता होती आणि किंचित आदर होता. पहिलीची मला सवय आहे.

त्या संध्याकाळी मी पाऊण तास ट्रक चालवून पाहिला. संगणक गोठला नाही. त्यामुळे माझी भीती वाढली. आता काही बिघडलं तर ते संगणकावर ढकलता येणार नव्हतं. साक्षीला लिहिलेला माघारीचा निरोप मी रविवारी दुपारपर्यंत न पाठवता तसाच ठेवला. शेवटी पद्मजानं तो वाचला, “बाबा, काहीतरीच काय!” म्हणाली आणि माझ्यादेखत पुसून टाकला.

पाच वाजता ताफा निघाला. पुढे मी, मागे अकरा. पुरुषोत्तमराव देखरेखीसाठी माझ्या खांद्याशी खुर्ची ओढून बसले होते. पद्मजा पेपरांचा गठ्ठा घेऊन दारात उभी होती, पण पेन तिनं आणलं नव्हतं. पाच बावीस झाले. पाच तेवीस झाले. ट्रक चालत होता.

सहाच्या सुमाराला रस्ता दुभंगला. आम्हाला बंदरावर जायचं होतं. पाटी कुठल्यातरी परक्या भाषेत होती, वेग जास्त होता आणि विचार करायला दोनच सेकंद होते.

“डावीकडे!” पुरुषोत्तमराव ओरडले.

“कशावरून?”

“मला सगळं दिसतंय! डावीकडे!”

पिंजौरची बस, भेंडी, लस्सी, सूनबाई, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मी ठामपणे उजवीकडे वळलो. असं ठाम मी आयुष्यात कधी काही केलं नव्हतं.

“बरोबर,” पुरुषोत्तमराव लगेच म्हणाले. “उजवीकडेच. मी तेच म्हणत होतो.”

रस्ता अरुंद झाला. डांबर संपलं, खडी लागली आणि मग रस्ताच संपला. समोर दगडाची खाण होती. बंदर डावीकडे होतं. पुरुषोत्तमरावांचं एक अनुमान अखेर खरं निघालं होतं, आणि ते त्यांनी अर्ध्या मिनिटापूर्वी सोडून दिलं होतं.

मी आरशात पाहिलं. अकरा ट्रक एकामागून एक, दिवे लुकलुकवत, अगदी शिस्तीत खाणीत उतरत होते. एकानंही विचारलं नव्हतं.

स्क्रीनवर साक्षीची ओळ आली. “काका, हे बंदर नाहीये.”

“नाही. माझं चुकलं,” मी टाइप केलं. “दुसऱ्या कोणाला तरी पुढे घ्या. मी बाजूला होतो.”

“बाजूला कुठे होताय? गाडी बंद पडली का?”

“नाही.”

“मग नियम लागत नाही. रस्ता चुकण्याचा नियम मी केलेलाच नाही. वळवा, आम्ही मागे आहोत.”

पुरुषोत्तमरावांनी माझ्यासमोरची वही ओढून घेतली आणि स्वतःच्या हातानं, मोठ्या अक्षरात नोंद केली: ‘उजवीकडे वळण्याचा निर्णय पुरुषोत्तम यांचा.’ खाली तारीख टाकून सही केली. ते आधी काय म्हणाले होते, हे सांगावं असं एकदा माझ्या मनात आलं. पण मागे अकरा गाड्या खोळंबल्या होत्या, आणि मला ट्रक वळवायचा होता.