सोळाव्या सोमवारची फाइल

यांची बदली भुसावळला व्हावी म्हणून मी एकदा सोळा सोमवारांचं व्रत केलं होतं. बदली झाली. जयपूरला. यात महादेवाचा काहीच दोष नाही. संकल्प सोडताना मी 'बदली होऊ दे' एवढंच म्हणाले, गावाचं नाव सांगायचं राहिलं. (देवालाही अर्ज नीट भरून द्यावा लागतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.)

त्याला अकरा वर्षं झाली. यंदाच्या श्रावणात मी पुन्हा सोळा सोमवार धरले, आणि या वेळी मागणं माझं स्वतःचं होतं. रेल्वेच्या पासापासून शास्त्रीनगरातल्या हळदीकुंकवाच्या यादीपर्यंत मी सगळीकडे 'मुरलीधर यांच्या मिसेस' आहे. बावन्नाव्या वर्षी वाटलं, एकदा तरी कुणा परक्या माणसानं मंदाकिनी या नावानं आपल्याला काम द्यावं. हिंदी-मराठी दोन्ही मला चांगलं येतं. म्हणून आमच्या लेकीनं, सावनीनं, घरबसल्या कामं देणाऱ्या एका साइटवर माझं प्रोफाइल काढून दिलं: भाषांतरकार. मी देवापुढे हात जोडले, "उद्यापनाच्या आत काम मिळू दे. नाही मिळालं तर प्रोफाइल मिटवीन आणि पुन्हा हा हट्ट करणार नाही."

अर्ज मी फक्त सोमवारीच करायची, पूजा झाल्यावर आणि उपास सोडायच्या आधी. सात सोमवार गेले, एक उत्तर नाही.

"आई, मतलब, एकेका कामाला शंभर जण अर्ज करतात गं," सावनी म्हणाली. "त्या भीडमध्ये तू वेगळी दिसायला पाहिजे."

"म्हणजे कशी?"

"पैठणी नेसून अर्ज कर," हे पेपरामागून म्हणाले.

सावनीनं मला मालवीय नगरातल्या संकेत सरांच्या, भाषांतरकारांना अर्जाचं पत्र लिहायला शिकवणाऱ्या क्लासला घातलं. क्लासचं नावच होतं 'गर्दीत उठून दिसा'. वर्गात माणसं चाळीस, खुर्च्या पस्तीस. (मी पहिल्याच दिवशी उठून दिसले. मला खुर्ची मिळाली नव्हती.) सर चोवीस वर्षांचे.

"कुणाची नक्कल करू नका," सर म्हणाले. "तुमचा आतला आवाज ऐका." आणि मग त्यांनी आमचा आतला आवाज फळ्यावर लिहून दिला. आम्ही चाळीस जणांनी तो उतरवून घेतला. पहिलं वाक्य होतं, 'मी शब्दांचं भाषांतर करत नाही, मी मनामनांत पूल बांधते.'

मी हात वर केला. "सर, एखादा शब्द बदलला तर चालेल?"

"बिलकुल नहीं, आंटीजी. टेस्टेड है."

मला बरंच वाटलं. स्तोत्रातलं अक्षर तरी आपण कुठे बदलतो?

घरी यांनी ते पत्र चष्मा लावून वाचलं. "पूल? अगं, पुलाचं काम असेल तर आधी आमच्या रेल्वेच्या इंजिनिअरिंगवाल्यांचा दाखला लागेल."

मी लक्ष दिलं नाही. तेच पत्र, काना-मात्रा न बदलता, पुढचे आठ सोमवार पाठवत राहिले. पंधरावा सोमवारही कोरडा गेला. आता एकच उरला होता.

सोळाव्या सोमवारी जयपुरातल्याच एका कंपनीची जाहिरात दिसली: मराठी भाषांतरकार हवा. पत्र जोडलं, डोळे मिटले आणि पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "मंदाकिनीताई आहेत का?"

माझं नाव! मी खाली बसले.

"मी गौतमी बोलतेय, कंपनीतून. आमच्याकडे सत्त्याऐंशी अर्ज आले. त्यातले एक्केचाळीस जण पूल बांधणारे आहेत. तुमचा एकच अर्ज वेगळा निघाला. ऑफिसात आम्ही मोठ्यानं वाचला."

"अगं बाई! कुठला भाग आवडला?"

"'सव्वा पाच किलो कणीक, गूळ त्या मानाने, तुपाला हात आखडू नये. तीन भाग करणे: एक देवाला, एक वाटायला, एक घरी. भटजींना आदल्या दिवशी आठवण करणे, मागच्या सत्यनारायणाला झोपले होते. तुपाचा डबा यांच्या हाती देऊ नये.'"

ती माझी उद्यापनाच्या प्रसादाची, चूर्म्याची यादी होती. पत्रही सोमवारचं, यादीही सोमवारची, म्हणून मोबाइलमध्ये मी दोन्ही फायलींना 'सोमवार' हेच नाव दिलं होतं.

यांचे कान फोनला लागलेलेच होते. "डब्याचं जगाला कशाला सांगितलंस?" हे कुजबुजले.

मी यांच्याकडे पाठ फिरवली. "मग... भाषांतराचं काम?"

"ते मशीनकडे दिलं हो, काकू," गौतमी गोड आवाजात म्हणाली. (ताईची काकू व्हायला दोन मिनिटं पुरली.) "पण मशीनला चूर्मा येत नाही. इथे गल्लोगल्ली मिळतो, पण आमच्या जळगावकडे सोळा सोमवारचा करतात, तसा गुळाचा नाही मिळत. पुढच्या सोमवारी ऑफिसात चाळीस जणांसाठी द्याल? काम साइटवरूनच देते, म्हणजे तुम्हाला स्टार मिळतील."

पुढचा सोमवार म्हणजे उद्यापन. देवाचा चूर्मा आधी वेगळा केला, प्रसाद काही विकायचा नसतो, आणि ऑर्डरचा दुसऱ्या परातीत. सावनी स्कूटरवरून डबे पोचवून आली. संध्याकाळी माझ्या नावापुढे आयुष्यातला पहिला शेरा उमटला:

'मंदाकिनी. हिंदी-मराठी भाषांतर. तूप किंचित जास्त, बाकी चोख. वेळेआधी पोचवलं. पाच स्टार.'

मी तो अकरा वेळा वाचला. रात्री आणखी एका परक्या माणसानं विचारलं, बेसनाच्या लाडवांचं भाषांतर करता का?

"बघ," हे म्हणाले, "संकल्पात नुसतं 'काम' म्हणालीस. कुठलं ते राहिलं."

तर बायांनो, तुम्हीही हे व्रत करा. मनोभावे करा, देव देतो. मात्र गावाचं आणि कामाचं नाव स्पष्ट सांगा. आणि उद्यापनाला चूर्मा लागला तर साइटवर मला शोधा. स्वयंपाकात नाही हं, भाषांतरात.