पुण्याचा गंज, वऱ्हाडी गंज

रसायनशास्त्रात मला हरवणारा माणूस शेलूबाजारच्या आसपास अजून जन्मला नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

उत्कर्ष हा आमच्या सपनानं पसंत केलेला पुण्याचा मुलगा. होकार अडला होता तो सपनाच्या आईचा, म्हणजे माझ्या बायकोचा, रत्नमालाचा. "पोरगं गोड बोलते. पन कामाचं हाय का, थे पाह्यल्याबिगर मी हो म्हनत नाही," असं जाहीर करून तिनं त्याला राहायला बोलावलं. संध्याकाळी तिच्या माहेरची मंडळी त्याला बघायला येणार होती. बेत कढीचा.

दुपारी मायलेकी बाजाराला निघाल्या. जाता जाता रत्नमाला त्याला म्हणाली, "माळ्यावर गंज हाय, तेवढा काढून ठेवजा."

थोड्या वेळानं पोरगं माझ्या खाटेशी हजर. "बाबा, गंज कशानं निघतो?"

आता, आमच्याकडे गंज म्हणजे कढी-वरण शिजवायचं मोठं पातेलं. पण पुण्याचा माणूस गंज म्हणाला, तर मी पुण्याचाच अर्थ घेणार! डोळे न उघडता मी व्याख्यान दिलं. शेजारचा भागवत सकाळी आमच्या पेपराला चिकटतो, तसा ऑक्सिजन धातूला चिकटतो. नुसत्या हातानं सुटत नाही, आंबट लावलं की सोडतो. तेव्हा चिंच घे, लिंबू घे, मीठ घे, आणि तारेच्या घासणीनं दयामाया न दाखवता घास. त्या घासण्याच्या तालावर मला छान झोप लागली.

जाग आली ती रत्नमालाच्या आवाजानं.

"गंज काढला का?"

"काढला ना, आई."

"मंग कोठी हाय?"

"गेला. पूर्ण गेला."

"गेला? कोनं नेला?"

"कोणी नाही. चिंचेनं गेला."

रत्नमाला पिशवीसकट ओट्यावर बसली. उत्कर्षनं अभिमानानं माळ्यावरचं पितळेचं ते पातेलं पुढे केलं. आतून सोन्यासारखं लखलखत होतं, आणि तीच भानगड होती. आतली पांढरी कल्हई साफ उडाली होती. कल्हई म्हणजे कथील, धातूंमधला सोशिक जीव. ऑक्सिजन आला तर पातळशी चादर ओढून गप्प पडतो, ताकाच्या आंबटपणाला दाद देत नाही. उघडं पितळ मात्र आंबट लागलं की तांबं सोडतं आणि कढी कळकते, हिरवट होते. हे सगळं मी सविस्तर समजावलं.

"हे आता सुचून राह्यलं तुमाले?" एवढंच रत्नमाला म्हणाली.

सपनाचा चेहरा उतरला. हे कोणी सांगितलं, असं रत्नमालानं विचारलं. उत्कर्षनं माझ्याकडे पाहिलं, आणि "चूक माझीच, आई," असं म्हणून मोकळा झाला. रत्नमालानं त्याचे हात उलटे करून पाहिले. बोटं चिंचेनं काळवंडलेली, तळव्याला फोड.

"सपने," ती हसत म्हणाली, "मह्याकडून हो. एकदा सांगतलं त याने कल्हई उतरेलोक घासलं. तुह्या बापाले सांगतलं त थो कूस बदलते."

कढी भागवतच्या घरून आणलेल्या स्टीलच्या गंजात झाली. मंडळी बोटं चाटत उठली. तो गंज घासायला उत्कर्ष लगेच पुढे झाला, पण रत्नमालानं त्याला अडवलं. जावयाला भांडे घासाले लावनं बरं दिसत नाही, म्हणाली, आणि घासणी माझ्या हातात दिली.