बहीगाबाईंचा नळ रडतो

आवाज खाली जाणार नाही, याची रदवाला पक्की खात्री होती. ही खात्री नुसती वाटणारी नव्हती, प्रयोग करून मिळवलेली होती. भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यापासून दुसऱ्या कुठल्या खात्रीवर तिचा विश्वास उरला नव्हता.

अडचण अशी होती, की अलेक्झांड्रियातल्या त्यांच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचे वस्फीकाका वारले होते. आता चाळिसावा दिवस होईपर्यंत इमारतीत गाणंबजावणं बंद. याची पाटी कोणी लावत नाही, तोंडाने कोणी सांगतही नाही. टीव्हीचे आवाज आपोआप खाली येतात, साखरपुडे पुढे ढकलले जातात, आणि चौथ्या मजल्यावरचा न्हावी दाढी करताना गुणगुणायचा थांबतो. रदवा नेय वाजवायची. नेय म्हणजे बोरूची बासरी. ती तिरकी धरून कडेवर फुंकतात, आणि तिचा आवाज मुळातच असा, की लग्नात वाजवली तरी घरातलं कोणी गेल्यासारखं वाटतं. दुखवट्याच्या इमारतीत ती कोण वाजवू देणार?

आणि पुढच्या गुरुवारी सांस्कृतिक भवनात रदवाचं पहिलं एकटीचं वादन होतं. रचनाही तिची स्वतःचीच.

रचना सगळी बसली होती, एक जागा सोडून. मध्यावर एक लांब सूर होता, दोन सुरांच्या मधोमध बसणारा. तो नुसत्या बोटांनी निघत नाही, मान किंचित कलवून श्वासावर तोलून धरावा लागतो. रदवाचा श्वास दमला की तो सूर हळूच खाली घसरायचा. तिला ते कळायचं नाही. कळायचं वस्फीकाकांना.

वस्फीकाका ट्रामवर तिकीट तपासनीस होते. विनातिकीट माणूस आणि घसरलेला सूर त्यांना सारख्याच अंतरावरून ओळखू यायचा. त्यांचं स्वयंपाकघर आणि खालच्या मजल्यावरची रदवाची खोली, दोन्हींच्या खिडक्या इमारतीच्या मधल्या डक्टमध्ये उघडायच्या. सूर उतरला की वरून खिडकीच्या गजावर चमचा वाजायचा. ठक. रदवा सूर वर उचलायची. पुन्हा ठक झालं नाही म्हणजे पास. कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्याबद्दल दोघांमध्ये कधी एक शब्द झाला नव्हता. जिन्यात भेटले तर सलाम, तब्येत, बस.

आता चमचा गेला होता. दुसऱ्याच्या कानावर सूर लावायची सवय झालेल्या मुलीला गुरुवारपर्यंत स्वतःचा कान शोधायचा होता, तोही कोणाला ऐकू न जाता.

म्हणून गच्चीवरची टाकीची खोली. चार भिंती, लोखंडी दार, मध्ये पत्र्याची मोठी टाकी. रदवाने घरातली एक जुनी गादी गुपचूप वर नेऊन दाराला आतून टांगली. मग एका सकाळी आपल्या वादनाचं रेकॉर्डिंग फोनवर मोठ्याने लावून ठेवलं, दार ओढून घेतलं आणि प्रत्येक मजल्यावर थांबून भिंतीला कान लावला. डक्टमध्ये डोकं घालून पाहिलं. एक कबुतर सोडलं तर कसलाच आवाज नव्हता. निष्कर्ष निघाला: जागा सुरक्षित.

प्रयोग सकाळी झाला होता आणि सराव दुपारी, सगळे झोपल्यावर, व्हायचा होता. या फरकाकडे मात्र तिचं लक्ष गेलं नाही.

पहिल्या दुपारी ती मनसोक्त वाजवून खाली आली, तर आई जिन्यातच उभी होती. चेहरा उतरलेला.

"बहीगाबाईंचा नळ रडला," आई म्हणाली.

"काय रडला?"

"नळ. स्वयंपाकघरातला. दुपारी पाणी जातं ना, बाई तोटी उघडीच ठेवतात, पाणी आलं की कळावं म्हणून. तर आतून हुंदके. मी स्वतः ऐकले. अंगावर काटा आला."

बहीगाबाई म्हणजे वस्फीकाकांची मोठी बहीण. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या आणि भावाबरोबर राहणाऱ्या. इमारतीतल्या निम्म्या बायका त्यांच्या विद्यार्थिनी, त्यामुळे सगळ्यांच्या त्या 'बाई'च. भाऊ गेला त्या दिवशीसुद्धा त्यांनी रडणाऱ्या बायकांना रांगेत बसवलं होतं.

"आई, त्यात घाबरण्यासारखं काही नाही," रदवा म्हणाली. "पाणी गेलं की पाइपात हवा शिरते. हवा हलली की आवाज होतो. शुद्ध भौतिकशास्त्र."

एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण ती बाईंकडे गेली, बिनसाखरेची काळी कॉफी घेतली आणि हवेच्या स्तंभाचं कंपन कागदावर काढून दाखवलं. बाई डाळ निवडत ऐकत होत्या.

"म्हणजे दोष पाइपात आहे."

"हो बाई."

"शिकलेली मुलगी सांगते म्हणजे असेल," म्हणत बाईंनी उस्ता बयूमीला निरोप धाडला.

उस्ता म्हणजे मिस्त्री. बयूमी प्लंबर गंभीर चेहऱ्याचा माणूस होता. त्याने तोटीचा वायसर बदलला, दोन ठोके मारले आणि सांगितलं, "आता लग्नातसुद्धा आवाज करणार नाही." दुसऱ्या दुपारी नळ आणखी मोठ्याने रडला, कारण रदवाने त्या दिवशी तो लांब सूरच तेवढा घोटला होता.

तिसऱ्या दुपारी बाईंच्या स्वयंपाकघरात सात-आठ बायका नळाभोवती जमल्या होत्या. हे रदवाला नंतर आईकडून कळलं. पाचव्या मजल्यावरच्या एकीने ओढणी डोळ्यांना लावून म्हटलं, "वस्फीसाहेबांचा जीव अडकलाय."

"वस्फीला रडायचं असतं तर जिवंतपणी रडला असता," बाई म्हणाल्या. "माझ्यासोबत राहत होता. बस खाली."

उस्ता बयूमीने तोटीला कान लावून पुष्कळ वेळ ऐकलं. डॉक्टर छातीचा एक्स-रे बघतो तसा तो नळाकडे बघत होता.

"वायसर नाही," तो शेवटी म्हणाला. "आजार मुळातच आहे. उभा पाइप काढावा लागेल."

उभा पाइप म्हणजे टाकीतून सगळ्या मजल्यांना पाणी देणारा पाइप. तो काढायचा म्हणजे सगळ्या इमारतीचं पाणी बंद. भेटायला येणारी माणसं, कॉफीचे पेले, नमाजाआधी हातपाय धुवायचं वजूचं पाणी, सगळं बादलीवर आलं. बादल्या तळमजल्यावरून वाहायला तरणं माणूस कोण? रदवा. तिच्या हाताला घट्टे पडले, आणि बोटं सुजली तर सूर कसा लागायचा, म्हणून ती मनातल्या मनात त्या पाइपाला शिव्या घालत होती.

एका दुपारी तिने बादली बाईंच्या ओट्यापाशी ठेवली तेव्हा बाई म्हणाल्या, "बस. तू शिकलेली आहेस, तूच ऐक आणि सांग."

बायका गोल करून बसल्या. उस्ता बयूमीने पाइप पुन्हा जोडलेला होता, पाणी मात्र अजून सोडायचं बाकी होतं. सगळे नळाकडे बघत बसले. वेळ गेला, बाईंची डाळ निवडून झाली. नळ गप्प.

"बघा," उस्ता बयूमीचा आवाज भरून आला. "हात लागतो तो असा."

पुढच्या दुपारी, रदवा बादली आणायला गेल्याचं सांगून गच्चीवर असताना, नळ असा रडला की उस्ता बयूमी पायरीवर बसून राहिला. त्याने पाइप पुन्हा काढला, पुन्हा जोडला.

बाईंनी मात्र दाराकडे पाहिलं; रदवा अजून बादली घेऊन आली नव्हती. वर्ग पाठीमागे असतानाही कोण बोलतंय हे ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी रदवा टाकीला पाठ टेकून वाजवत होती. खोली भट्टीसारखी तापलेली. लांब सूर आला. तिने डोळे मिटले, मान कलवली. सूर बरोबर होता की नव्हता? तिला सांगता येईना. कोणी ठक म्हणेल तर बरं, असं तिला वाटलं. तिने नेय खाली घेतली.

"रदवा."

आवाज टाकीतून आला होता. जाड, पत्र्याचा, खूप लांबून आलेला.

भौतिकशास्त्राची पदवी तिच्या अंगावरून घामासारखी ओघळून गेली. ती टाकीकडे वळली आणि अगदी हळू म्हणाली, "काका?"

टाकी खाकरली.

"काका नव्हे, बाई," टाकी म्हणाली. "खाली ये. आणि येताना ती गादी आण, तुझी आई चार दिवस शोधतेय."

जिना उतरताना तिला सगळं लख्ख दिसलं. तिने प्रयोग केला तेव्हा टाकी भरलेली होती, पाइपात पाणी होतं. दुपारी टाकी रिकामी, पाइप रिकामे, आणि वर आ वासलेली पत्र्याची टाकी तिचा प्रत्येक सूर झेलून थेट बाईंच्या उघड्या तोटीत पोचवत होती. उस्ता बयूमीने पाणी बंद केल्यावर तर काय, राजमार्गच मोकळा झाला. आणि जो रस्ता खाली जातो तोच वरही येतो. बाईंनी फक्त तोटीला तोंड लावलं होतं.

स्वयंपाकघरात आई मान खाली घालून उभी होती. उस्ता बयूमी खांद्यावर पाइपाचा उरलेला तुकडा घेऊन दारात.

"बाई, मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय," आई म्हणाली. "तुमच्या घरात दुखवटा, आणि ही डोक्यावर बसून बासरी वाजवते. लोक काय म्हणतील? गुरुवारचं काही नको. मी फोन करून नाही सांगते."

रदवाने नेय घट्ट धरली, पण तोंडातून एवढंच निघालं, "आईचं बरोबर आहे."

"इन्साफ, तू थांब," बाई आईला म्हणाल्या. "मेला माझा भाऊ. दुखवटा माझा. तो कसा पाळायचा ते मी ठरवीन."

मग त्या रदवाकडे वळल्या.

"तो तुझ्यासाठी चमचा आपटायचा तेव्हा मला राग यायचा. गजांचा रंग उडाला. चमचे वाकले. तो गेल्यावर या स्वयंपाकघरात एवढी शांतता झाली, की मी उगाचच भांडी घासत बसायचे. मग नळ रडला. पहिल्या दिवशी मला वाटलं, पाणी आलं. मी बादली लावली." त्या थांबल्या. "मला सुरातलं काही कळत नाही. पण तो कुठे आपटायचा ती जागा मला पाठ आहे. आज चारही वेळा ती जागा आली आणि कोणी आपटलं नाही. म्हणून मी हाक मारली."

बाईंनी नळाची तोटी बंद केली.

"तू उद्या वाजवणार आहेस," बाई म्हणाल्या. "आणि मी येणार आहे."

"म्हणजे पाइपात दोष नव्हता?" दारातून उस्ता बयूमीने विचारलं.

"नव्हता."

"पण मी दोनदा काढला."

"तो तुझा दोष."

उस्ता बयूमीने पाइपाकडे पाहिलं, रदवाच्या हातातल्या नेयकडे पाहिलं. दोन्ही पोकळच. "मीही येतो उद्या," तो म्हणाला. "प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय माझी खात्री होणार नाही."

गुरुवारी सांस्कृतिक भवनाचा लहान हॉल अर्धा भरला. त्यातली निम्मी माणसं रदवाच्या इमारतीतली, आणि बाईंच्या मानाखातर सगळी काळ्या कपड्यांत. रंगमंचावरून बघताना तिला वाटलं, आपलंच कोणीतरी गेलंय. पहिल्या रांगेत बाई, मांडीवर पर्स. शेजारी उस्ता बयूमी कामाच्या कपड्यांत, गुडघ्यावर पाइप पाना आडवा ठेवून. तो थेट कुठल्यातरी कामावरून आला होता.

रदवाने सुरुवात केली. नेयचा पहिला सूर घोगरा निघाला, मग मोकळा झाला. मागून कोणीतरी दाद देत "अल्लाह" म्हणालं, हळूच. ती त्या जागेपाशी आली. मान कलवली, श्वास सोडला. लांब सूर हॉलभर पसरला, स्थिर राहिला, आणि मग दमू लागला. तिला कुठेतरी आत, कानाच्याही मागे, किंचित जड वाटलं.

ठक.

लख्ख, लोखंडी, जवळून. रदवाचे डोळे भरून आले. सूर वर होता, बरोबर मधोमध. पुढची रचना तिने कशी वाजवली ते तिला आठवत नाही. टाळ्या मात्र आठवतात.

माणसं पांगल्यावर ती बाईंपाशी गेली आणि त्यांचा हात धरला. "बाई, तुम्ही त्यांच्यासारखंच... बरोबर त्याच जागी."

"मी?" बाईंनी पर्स दाखवली. तिची चेन अर्ध्यावर अडकली होती आणि फटीतून एका वाकड्या चमच्याची दांडी डोकावत होती. "मी हाच आपटणार होते. चेन निघालीच नाही."

"मग?"

बाईंनी शेजारी पाहिलं. उस्ता बयूमी खुर्चीखाली वाकून पाना उचलत होता.

"डोळा लागला होता," तो म्हणाला. "हातातून सुटला."

रदवा तशीच उभी राहिली. एवढे दाटून आलेले डोळे आता कुठे ठेवावेत, हे तिला समजेना.

"आणखी एक," बाई म्हणाल्या. "तो पाना उशिरा पडला. वस्फी कधी उशिरा आपटायचा नाही. तू आधीच वर गेली होतीस."

"पण तुम्हाला तर सूर कळत नाही."

"सूर नाही कळत. उशीर कळतो. आयुष्यभर शाळेची घंटा सांभाळली आहे मी."

रदवाला काहीतरी बोलायचं होतं, काहीतरी मोठं. पण उस्ता बयूमी मध्ये आला. पाना खिशात घालून तो तिच्या नेयकडे टक लावून बघत होता.

"ताई, एवढं सगळं केलंत, चांगलंच केलंत," तो म्हणाला. "पण मधल्या जागी अजून थोडी हवा राहिलीय. उद्या सकाळी येऊन बघतो."